कला शाखेतील विषयनिवड : एक दुर्लक्षित प्रश्न

आपल्या शाळेच्या वसतिगृहात वाढलेली आणि पुढे महाविद्यालयात गेलेली मुले-मुली आठवून पाहिली, तर त्यांतील बहुतेकांनी कला शाखेत प्रवेश घेतलेला दिसतो. विज्ञान शाखेसाठी लागणारी खासगी शिकवणी सोयाबीन आणि तुरीच्या भरवशावर जगणाऱ्या कोरडवाहू घराला परवडत नाही, आणि वाणिज्य शाखा आपल्या खेड्यांना अजूनही परकी वाटते. राहता राहिली कला शाखा. त्यामुळे ती निवडली जात नाही, वाट्याला येते. या अवस्थेबद्दल हळहळ व्यक्त करणारे लेख पुष्कळ झाले. आमचे म्हणणे निराळे आहे. कला शाखा वाट्याला आली यात दुर्दैव काहीच नाही. दुर्दैव आहे ते ती शाखा घेतल्यावर तिच्यात काय शिकायचे याचा विचार कोणीच करीत नाही, याचे.

जून-जुलैमध्ये मालेगाव किंवा वाशिमच्या एखाद्या महाविद्यालयात प्रवेशअर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्यांशी आम्ही दरवर्षी बोलतो. विषय कोणते घेतले, असे विचारले की उत्तर चटकन येते. का घेतले, असे विचारले की शांतता पसरते. थोडे खोदून विचारल्यावर कारणे बाहेर पडतात. मित्राने घेतले म्हणून. गाइड बाजारात मिळते म्हणून. त्या विषयाचे तास सकाळी आटोपतात आणि दुपारची एस. टी. किंवा गाडी सापडते म्हणून. हे शेवटचे कारण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ग्रामीण मुलीला बारावीपर्यंत एस. टी. चा मोफत पास असतो. पदवीला सवलतीच्या पासाचे पैसे दरमहा घरातून काढावे लागतात, आणि सायंकाळी अंधार पडण्यापूर्वी ती घरी आलीच पाहिजे अशी अट असते. अशा मुलीने वेळापत्रक पाहून विषय घेतला तर तिला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु तीन वर्षांची पदवी वेळापत्रकाच्या हवाली करण्यापूर्वी तिच्यासमोर दुसरे पर्याय कोणी मांडले होते काय, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मात्र आम्हा सर्वांना आहे.

विषय निवडता येणे ही आपल्या समाजासाठी क्षुल्लक बाब नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते शिकू दिले गेले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या श्रमाने मिळवले. ही हकीकत आपण प्रत्येक जयंतीला सांगतो, ऐकतो. पण १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि निवडीचे स्वातंत्र्य प्रथमच हाती आल्यावर त्यांनी त्याचे काय केले, हे मात्र आपण फारसे सांगत नाही. तिथल्या मुक्कामात त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांचा प्रत्येकी १ अभ्यासक्रम घेतला. एकूण ६०.

हे आकडे नीट वाचावेत, अशी आमची विद्यार्थ्यांना आणि पालकांना विनंती आहे. त्यांत एक आराखडा आहे. निम्मे बळ एकाच विषयावर लावलेले आहे. १९१५ सालची एम. ए. ची पदवी, पुढे १९२३ साली प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ आणि १९२५ सालचा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ हे सारे त्या २९ अभ्यासक्रमांच्या पायावर उभे आहे. उरलेले निम्मे बळ मात्र विखुरलेले नाही. समाज कसा घडतो, या एका प्रश्नाकडे तोंड करून उभे असलेले ते विषय आहेत. आणि पाहा, जातिसंस्थेची मीमांसा करणारा जो निबंध आज जगभर वाचला जातो, तो बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला होता. म्हणजे ज्या विषयाचे अवघे चार अभ्यासक्रम घेतले, त्या विषयाने त्यांच्या हाती आयुष्यभर पुरणारे हत्यार दिले. मुख्य विषयाने खोली दिली, जोडविषयाने दृष्टी दिली. फ्रेंच आणि जर्मन ही साधने होती. त्या भाषांतील ग्रंथ वाचता यावेत एवढ्यासाठी. गुणपत्रिका सजवण्यासाठी त्या साठांपैकी एकही अभ्यासक्रम घेतला असेल असे आम्हाला वाटत नाही.

आता आपल्याकडे येऊ. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत पदवीची नवी रचना लागू झाली. आपला भाग संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो. तिथेही हीच चौकट आहे. पूर्वी इंग्रजी, मराठी आणि तीन ऐच्छिक विषय एवढे ठरवले की तीन वर्षे निश्चिंती असे. आता प्रत्येक विषयाला श्रेयांक आहेत, म्हणजेच ज्याला सारे क्रेडिट म्हणतात ते. सत्राला साधारण २०, वर्षाला ४०, तीन वर्षांच्या पदवीला किमान १२०. वर्गात १५ तास शिकले की एक श्रेयांक पडतो, प्रात्यक्षिकाला त्यासाठी ३० तास लागतात. एक विषय मेजर, म्हणजे मुख्य. एक मायनर, म्हणजे जोडविषय. शिवाय दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यावयाचे मुक्त ऐच्छिक विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण, क्षेत्रकार्य, कार्यप्रशिक्षण. यादी लांबलचक आहे आणि तिची इंग्रजी आद्याक्षरे ऐकून पालक गांगरून जातात. गांगरण्याचे कारण नाही. कोलंबियात बाबासाहेबांना जी मोकळीक मिळाली तिचे एक लहानसे, कागदी का होईना, रूप आज मालेगावच्या महाविद्यालयात आले आहे, असे समजावे. कागदी म्हणण्याचे कारण पुढे सांगू.

प्रथम मुख्य विषयाविषयी. आमचे मत स्पष्ट आहे : मुख्य विषय ठरवताना शेवटापासून मागे यावे. पदवीनंतर काय करायचे आहे, हे सतराव्या-अठराव्या वर्षी पक्के ठाऊक नसते, हे खरे. पण आपल्या भागातील कला शाखेच्या पदवीधरांसमोर ज्या वाटा प्रत्यक्षात असतात, त्या चार-पाचच आहेत, आणि प्रत्येक वाटेचे फाटक विशिष्ट विषयांनाच उघडते. उदाहरणार्थ, बी. एड. करून माध्यमिक शिक्षक व्हायचे असेल तर शाळेत शिकवला जाणारा विषय पदवीला असणे आवश्यक ठरते. मराठी, हिंदी, इंग्रजी, इतिहास, भूगोल या विषयांना शाळेच्या वेळापत्रकात जागा आहे. समाजशास्त्र, तत्त्वज्ञान किंवा गृहअर्थशास्त्र हे विषय दहावीपर्यंत स्वतंत्रपणे शिकवलेच जात नाहीत. ते विषय थोर आहेत, यात शंका नाही. परंतु शिक्षक होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या मुलाने हेच तीन विषय घेऊन बी. ए. व्हावे आणि मग बी. एड. च्या अर्जातील अध्यापन विषयाच्या रकान्यापाशी अडून बसावे, हे आम्ही इतक्या वेळा पाहिले आहे की आता त्याचे दुःख होण्यापेक्षा राग येतो. हा रकाना कोणी तीन वर्षांपूर्वी दाखवला असता तर?

स्पर्धा परीक्षांचा नाद लागलेल्यांसाठीही हेच. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक पद्धतीची झाली आहे आणि तिच्यात एका वैकल्पिक विषयाच्या दोन प्रश्नपत्रिका, एकूण ५०० गुणांच्या, आहेत. संघ लोकसेवा आयोगाकडे ही पद्धत आधीपासूनच होती. वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या काळात पदवीचा विषय कोणता याला फारसे महत्त्व उरले नव्हते. चालू घडामोडींचे मासिक आणि सरावसंच यांवर गाडी चालत असे. आता इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मराठी साहित्य यांपैकी जो विषय पदवीला तीन वर्षे मन लावून शिकला, त्याच्या हातात लिहून दाखवण्यासारखे काही असेल. पुण्यात खोली घेऊन पदवीनंतर तोच विषय अआइईपासून शिकायला बसण्यापेक्षा वाशिममध्ये पदवीच्या वर्गात तो शिकून घेणे कितीतरी स्वस्त पडते. खोलीभाडे देणाऱ्या पालकांना हा हिशेब आमच्यापेक्षा चांगला कळेल.

जोडविषयाच्या बाबतीत आमचा आग्रह एवढाच की तो मुख्य विषयाचा जुळा भाऊ नसावा. मराठी मुख्य आणि हिंदी जोड, किंवा राज्यशास्त्र मुख्य आणि लोकप्रशासन जोड, अशा जोड्या सोप्या जातात म्हणूनच लोकप्रिय आहेत. त्याऐवजी मराठीबरोबर इतिहास, भूगोलाबरोबर अर्थशास्त्र, समाजशास्त्राबरोबर मराठी अशी सांगड घातली तर दोन्ही विषय एकमेकांना प्रश्न विचारू लागतात. मुक्त ऐच्छिक विषय तर दुसऱ्या विद्याशाखेतूनच घ्यावे लागतात. त्यांना ‘भरतीचे’ समजून जो मिळेल तो घेण्याची प्रथा आत्ताच पडू लागली आहे. सांख्यिकीची तोंडओळख, बँक व्यवहार, हिशेबलेखन, संगणक यांपैकी जे असेल ते कला शाखेच्या विद्यार्थ्याने जरूर घ्यावे. गावची जनगणना, पीकविम्याचे दर, ग्रामपंचायतीचा ताळेबंद वाचता न येणारा समाजशास्त्राचा पदवीधर कोणाच्या उपयोगी पडणार? आणि इंग्रजी. तिच्याविषयी अधिक लिहीत नाही. ती टाळता येईल तिथे टाळणारा विद्यार्थी पुढे प्रत्येक दारात तिला भेटतो.

पालीविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ही स्मरणिका आपल्या संस्थेची आहे आणि पालीचे नाव काढले की आपल्याकडे विचारापेक्षा भावना आधी बोलते. बौद्धांच्या मुलाने पाली घेतलीच पाहिजे, असे सांगणारी वडीलधारी मंडळी आम्हाला आदरणीय आहेत. त्यांच्याशी आमचा मतभेद आहे. समाजाचे ऋण फेडण्याची जबाबदारी एका अठरा वर्षांच्या मुलाच्या गुणपत्रिकेवर टाकणे योग्य नव्हे. दुसऱ्या बाजूला, पाली म्हणजे गुण मिळवून देणारा सोपा विषय, चार प्रश्न पाठ केले की झाले, असे समजून ती घेणारे विद्यार्थी पालीचा सन्मान करीत नाहीत. ज्या भाषेचे व्याकरण आणि शब्दकोश रचण्यासाठी बाबासाहेबांनी आपल्या धकाधकीच्या आयुष्यातील वेळ काढला, तिची आपण गाइडमध्ये बोळवण करावी काय? त्यांचे हे काम १९९८ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध झाले आहे. जिज्ञासूंनी ते पाहावे.

पाली घ्यावी ती शिकण्यासाठी, आणि शिकायची तर तिला जोड हवी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीबरोबरच पाली आणि प्राकृत या भाषांनाही अभिजात दर्जा दिला. आनंद आहे. परंतु संघ लोकसेवा आयोगाच्या वैकल्पिक विषयांच्या यादीत पूर्वी असलेली पाली आज नाही, हेही विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे. नेट परीक्षेत पाली हा स्वतंत्र विषय आहे. बौद्ध, जैन, गांधीवादी व शांतता अध्ययन हाही आहे. म्हणजे अध्यापन आणि संशोधन ही पालीची सरळ वाट आहे, आणि ती लांबची आहे. ती चालायची तयारी असेल तर आमच्या मते इतिहास मुख्य आणि पाली जोड, किंवा उलट, यासारखी दुसरी सांगड नाही. आपण कोणत्या भूमीवर राहतो ते आठवावे. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा राजा हरिषेण याचा अमात्य वराहदेव याने अजिंठ्याचे सोळाव्या क्रमांकाचे लेणे भिक्षुसंघाला दान दिले; त्याचा शिलालेख तिथे आजही आहे. याच घराण्यातील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ साली वाशिम येथे सापडला, आणि त्याचा मोठा भाग प्राकृतात आहे. अकोल्याच्या रस्त्यावर पातूरची लेणी आहेत. या साऱ्यावर लिहिणारे विद्वान झाले, पण जऊळका-मालेगावच्या परिसरातून ब्राह्मी लिपी वाचणारा, पाली-प्राकृत जाणणारा तरुण अभ्यासक पुढे यावा, ही अपेक्षा आम्ही उराशी बाळगून आहोत. अशी एक मुलगी किंवा एक मुलगा निघाला, तरी पालीला गुणांचा विषय समजून घेणाऱ्या शंभरांपेक्षा तो आम्हाला प्रिय होईल.

नव्या रचनेतील एका गोष्टीबद्दल आम्ही पालकांना सावध करू इच्छितो. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडले तर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स पदवी, अशी सोय तिच्यात आहे. बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परतता येते आणि एकंदर सात वर्षांत पदवी पुरी करता येते. ऐकायला हे दयाळू वाटते. ज्या घरात मुलीचे स्थळ आले आहे किंवा थोरल्या मुलाला पुण्याच्या कारखान्यात कंत्राटी काम मिळत आहे, त्या घरात या सोयीचा अर्थ काय लावला जाईल? ‘एक वर्षाचे प्रमाणपत्र मिळाले ना, मग झाले.’ श्रीमंताच्या मुलासाठी जे दार येण्या-जाण्याचे आहे, ते गरिबाच्या मुलीसाठी बहुधा जाण्याचेच ठरते. शिष्यवृत्ती, वसतिगृहातील खोली, स्वाधार योजनेचे साहाय्य हे सारे शिकत असलेल्याला मिळते; बाहेर पडलेल्याच्या हाती कागद उरतो. एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर कोणती नोकरी मिळते, हे सांगणारी जाहिरात आम्हाला तरी अजून दिसलेली नाही. म्हणून आमचे सांगणे कठोर वाटले तरी ऐकावे : पहिल्या दोन वर्षांनंतरचे दार आपल्या घरासाठी नाही, असे समजून पदवीचे नियोजन करावे.

चौथ्या वर्षाचे तसे नाही. संशोधनासह ऑनर्स करायची तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात, आणि त्यानंतर एम. ए. एका वर्षात होते. पण सहा सत्रांत म्हणजे पहिल्या सत्रापासून. तिसऱ्या वर्षी जागे झालेल्याला हे साधत नाही. प्राध्यापक किंवा संशोधक होण्याची इच्छा असलेल्याने हा आकडा प्रवेशाच्या दिवशीच वहीत लिहून ठेवावा. आणि आपल्या महाविद्यालयात चौथे वर्ष उपलब्ध आहे काय, हे त्याच दिवशी विचारावे.

कागदी मोकळीक असे वर म्हटले, त्याचे कारण इथे येते. नियमात दहा टोपल्या भरून विषय आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवायला माणसे नाहीत. कित्येक ठिकाणी कायम प्राध्यापकांच्या जागा रिक्त असतात आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर विभाग चालतो. जिथे विषयाला शिक्षक एकच, तिथे विद्यार्थ्याची ‘निवड’ ही त्या शिक्षकाच्या विषयापुरतीच असते. वाशिम हा २०१८ पासून केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. आकांक्षा कोणाच्या आणि त्या पुऱ्या करण्यासाठी पदवीच्या वर्गात शिक्षक किती, हे विचारण्याचे काम माजी विद्यार्थ्यांनी संघटितपणे केले पाहिजे. तोवर एक आडवाट उपलब्ध आहे. ‘स्वयम्’ या शासकीय संकेतस्थळावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक एका सत्रात ४० टक्क्यांपर्यंत ग्राह्य धरण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांत आहे. आपल्या महाविद्यालयात नसलेला विषय असा शिकता येतो. मात्र सत्र सुरू होण्यापूर्वी महाविद्यालयाची संमती घ्यावी लागते, आणि परीक्षा नेमलेल्या केंद्रावर जाऊन द्यावी लागते. शिवाय आपले श्रेयांक बँकेत, म्हणजे अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, जमा झाले की नाही हे प्रत्येक सत्रानंतर स्वतः तपासावे. बँकेचे पासबुक आपले वडील जसे दर वेळी भरून आणतात, तसे.

आमची संस्थेला आणि माजी विद्यार्थी मंडळाला एक सूचना आहे. बारावीची परीक्षा संपली की निकाल लागेपर्यंत दोन-अडीच महिने मिळतात. त्या काळात शाळेच्या सभागृहात एक दिवस ठरवून आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस, वकील, संशोधक यांना बोलवावे. भाषणे नकोत. प्रत्येकाने आपली गुणपत्रिका आणावी आणि कोणता विषय कुठे कामी आला, कोणता विषय नसल्याने काय अडले, एवढेच मुलांना दाखवावे. मुलांसोबत आई-वडिलांनाही बोलवावे. आईला विशेषकरून, कारण मुलीच्या शिक्षणाचा शेवटचा निर्णय अनेक घरांत तिच्या एका होकारावर अडलेला असतो. त्याच दिवशी मालेगाव, वाशिम, रिसोड, मंगरुळपीर आणि अकोला येथील महाविद्यालयांत कोणते विषय मुख्य म्हणून मिळतात, पाली कुठे आहे, चौथे वर्ष कुठे आहे, मेजर-मायनर केव्हा ठरवावे लागते आणि ते पुढे बदलता येते काय, याची एक तक्ता-पुस्तिका हाती द्यावी. ती तयार करण्यास चार कार्यकर्ते आणि दोन आठवडे पुरेत. छपाईचा खर्च आमच्यापैकी काहींनी उचलण्याचे ठरवले आहे. येत्या एप्रिलपूर्वी माहिती गोळा करण्यासाठी ज्यांना त्या त्या गावच्या महाविद्यालयात जाता येईल, त्यांनी आपली नावे शाळेच्या कार्यालयात नोंदवावीत.